फिंटन गिल्डेची उलटी वाट

माझ्या भावाला, फिंटनला, कुणी आंधळा म्हटलेलं खपत नाही. आणि खरं सांगायचं तर तो पुरता आंधळा नाहीही. त्याला कडा दिसतात, मधलं दिसत नाही. तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात तर त्याला तुमचे कान दिसतील, खांदे दिसतील, आणि तोंडाच्या जागी नुसता राखाडी डाग. शहरातल्या, कॅसलबारच्या डॉक्टरने त्या दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं आणि हे आता बरं व्हायचं नाही, असंही सांगितलं होतं. फिंटनने ते कुणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा नाही. आई गेल्यापासून रोज सकाळी त्याची अंडी उकडून देणारी मी!

आम्ही दोघं ज्या घरात जन्मलो त्याच घरात राहिलो. लग्न त्याचंही झालं नाही आणि माझंही नाही. त्याला विचाराल तर तो सांगेल की अ‍ॅट्रॅक्टाच्या, म्हणजे माझ्या, तोंडाला घाबरून कुणी पोरगी घरात यायला तयार झाली नाही. मला विचाराल तर मी सांगेन की त्याचे मोजे बघून. चौकातलं दुकान मी चालवते. दारातला पेट्रोल पंपही माझ्याच गळ्यात आहे. फिंटनचं काम मेंढ्या भादरण्याचं. मेंढी मांड्यांत धरली की त्याला डोळे लागतच नाहीत, हात लोकरीतून आपोआप फिरतो. म्हणून तर कुणाला संशय आला नाही. त्याने व्हॅन विकली तेव्हा म्हणाला, डिझेल परवडत नाही. आम्हाला पटलं. त्याच्या चिक्कूपणाची सगळ्या गावाला खात्री होती. मग शेतकरीच त्याला न्यायला येऊ लागले आणि परत आणून सोडू लागले.

एक गोष्ट मात्र मला खटकली होती. समोरून गाडी आली की एक बोट वर करून ओळख द्यायची, ही आमच्या मेयो परगण्याची रीत. ओळखीच्याला द्यायची, अनोळख्याला नाही. फिंटन त्या वर्षी सगळ्यांनाच बोट वर करायला लागला. पर्यटकांना, गुरांच्या ट्रकला, एकदा तर रस्त्याकडेच्या पोस्टाच्या पेटीला. लोक म्हणायचे, वय झालं तसा फिंटन गोड होत चाललाय. मीही हसले होते.

पण फिंटन म्हणजे खरा कोण, तर सायकलच्या ताफ्याचा कॅप्टन. दर रविवारी प्रार्थना आटोपली की मेड्रिनच्या तळ्याला सायकलवरून फेरी घालायची. आमचे वडील घालायचे, त्यांच्या आधी त्यांचे काका. तळं कायम उजव्या हाताला ठेवायचं. सूर्य जातो तसं जायचं, त्याच्या उलट नाही. आमच्याकडे पवित्र विहिरीलाही तसंच फिरतात आणि होडी पाण्यात लोटली की तीही आधी त्याच बाजूला वळवतात. का, ते विचारायचं नसतं. तुम्ही देवळाला प्रदक्षिणा घालताना विचारता का?

चौकातून निघालं की कीलच्या धक्क्यापर्यंत, होड्या लागतात तिथपर्यंत, सपाटी. तिथे रस्ता डावीकडे वळतो आणि चढ सुरू होतो. चढ संपला की जुनं कबरस्तान, मग झाडी, मग पलीकडचा काठ, दलदल, शाळा आणि परत चौक. ओळीत प्रत्येकाचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटलेलं. तसं गेलं की वारा लागत नाही. पण मग दिसतही काही नाही, समोरच्या चाकाशिवाय. म्हणून पुढचा माणूस ओरडतो, "खड्डा, डावीकडे!" आणि हात खाली करून दाखवतो. तो ओरडला की मागचे सगळे वळतात. तो ओरडला नाही तर रस्ता साफ. त्याच्या डोळ्यांवर सगळ्यांची हाडं अवलंबून असतात आणि तळ्याभोवती फिंटनच्या डोळ्यांसारखे डोळे नाहीत, असं सगळे म्हणायचे. कॉर्मॅक जेनिंग्ज, ताफ्याचा सेक्रेटरी, तर म्हणायचा, "फिंटनला खड्डा वळणाच्या अलीकडूनच दिसतो."

दिसायचा कसला! पाठ होता.

मला कळलं ते जुलैच्या शेवटच्या रविवारी. शेतकरी मॅनियनच्या फाटकासमोर एक जुना, कुप्रसिद्ध खड्डा होता. गुरुवारी रस्त्याची माणसं आली आणि तो बुजवून गेली. त्यांना चहा मीच दिला होता, म्हणून मला माहीत. रविवारी आम्ही तिथे पोचलो तर फिंटनने झोकात हात खाली केला आणि ओरडला, "खड्डा, डावीकडे, मोठा!" आणि सगळी रांग त्या गुळगुळीत, नव्या, काळ्याभोर डांबराला वळसा घालून गेली. एकानेही मान वर करून बघितलं नाही. मी नेहमीसारखी ताफ्याच्या शेवटी होते. 

दुपारी स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं.

"मॅनियनच्या फाटकापाशी काय ओरडलास?"

"खड्डा म्हणालो. का?"

"कुठला खड्डा?"

"कुठला म्हणजे? मॅनियनपेक्षा जास्त लोक त्या खड्ड्याला ओळखतात."

"तो गुरुवारी बुजवला, फिंटन."

तो चहा ढवळत राहिला. मी त्याच्यासमोर हात धरला. "ही बोटं किती आहेत, सांग."

"वेड लागलंय का तुला?"

"किती?"

"तीन."

"मी पळी धरलीये, शहाण्या."

मग त्याने कप खाली ठेवला. आधी टेबलाची कड हाताने चाचपली, मग ठेवला. ते बघून मला रडूच यायला हवं होतं, पण मला आला राग. मला आधी तोच येतो. मी म्हटलं, "आणि एवढी माणसं मागे घेऊन तू जातोस? लाज नाही वाटत?"

"रस्ता पाठ आहे मला. डावी कड दिसते, गवताची हिरवी रेघ. ती धरून जातो. काही होत नाही."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावर येणारं मॅनियनचं वासरू पाठ आहे का?"

"ओरडू नकोस गं."

"मी ओरडणार! उद्या उनाचं डोकं फुटलं तर तिच्या पोरांना काय सांगशील? डावी कड दिसत होती म्हणून?" उना शाळेत शिकवते. फिंटनच्या चाकाला, म्हणजे त्याच्या लगेच मागे, बहुतेक वेळा तीच असते.

त्याने चमचा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "त्या ओळीच्या पुढे असतो तेव्हा मी फिंटन गिल्डे असतो, अ‍ॅट्रॅक्टा. खाली उतरलो की कोण?"

 शेवटी ठरलं असं की ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, वर्षाची मोठी फेरी असते. त्या फेरीनंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी तो उभा राहून सगळ्यांना सांगेल आणि सायकल सोडेल. मी अट घातली की त्या दिवशी त्याच्या चाकाला उना नाही, मी असेन. समोरचं मी बघेन आणि त्याला सांगेन.

तो सोमवार उजाडला तोच मला आवडला नाही. वारा अजिबात नव्हता. तळं तेल ओतल्यासारखं पडलेलं, डोंगर जवळ सरकल्यासारखे दिसत होते आणि चिलटं डोळ्यांत जात होती. आमच्याकडे डोंगर जवळ दिसले की दुपारी पाऊस नक्की. दुकानात आलेला प्रत्येक जण हवेला शिव्या देऊन गेला.

निघालो तेव्हा मात्र सगळं ठीक चाललं. मी त्याच्या मागून हळूच सांगत होते, "ट्रॅक्टर", "माणूस, कुत्रा", आणि खड्डे तो स्वतः ओरडत होता. धक्क्यापाशी डावीकडे वळलो, चढ चढलो, कबरस्तानावरून गेलो. झाडीत शिरल्यावर मला वाटायला लागलं की आजचा दिवस निभावेल.

झाडी संपते तिथे समोरून शववाहिका आली.

पलीकडच्या गावच्या मॅलकी रुआनची अंत्ययात्रा. त्याला सोमवारी पुरणार हे ऐकलं होतं, पण सकाळीच असेल हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अंत्ययात्रा समोरून आली तर तिला ओलांडून पुढे जायचं नसतं. वळायचं आणि तिच्याबरोबर निदान चार पावलं चालायचं. आम्ही सगळे उतरलो, टोप्या काढल्या, सायकली वळवल्या. पण मॅलकी एकेकाळी आमच्याच ताफ्यात होता. चार पावलांवर कोण थांबणार? चालत चालत मागे, थेट कबरस्तानापर्यंत आलो. फादरची प्रार्थना झाली, माती पडली, विधवेचा हात हातात घेऊन प्रत्येकाने "तुमच्या दुःखात सहभागी आहोत" म्हटलं. तोवर डोंगरावर ढग उतरला होता.

फाटकापाशी कॉर्मॅक म्हणाला, "आता पुढे नको. अर्धा दिवस गेला. आल्या वाटेने उतार उतरलं की दहा मिनिटांत चहा."

फिंटन म्हणाला, "फेरी पुरी करायची. उलट जायचं नाही."

"अरे, आपण आत्ता उलटच आलो की झाडीपासून!"

"ते मॅलकीसाठी. चालत."

"फिंटन, तळं तुला चावत नाही रे," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. अंत्यविधीनंतर आमच्याकडे माणसं जरा जास्तच हसतात.

मला कळत होतं तो का अडतोय. रीतभात गेली चुलीत. त्याला रस्ता एकाच बाजूने पाठ होता. उलट जाताना डावी कड म्हणजे तळ्याची कड. तिथले खड्डे वेगळे, वळणं वेगळी. आणि खाली कीलचा धक्का. चढताना तो धक्का तुमच्या पाठीमागे राहतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. उतरताना मात्र तो तोंडासमोर येतो. रस्ता उजवीकडे वळतो आणि डावीकडची गवताची रेघ सरळ खाली जाते, होड्या पाण्यात सोडायच्या उतरणीवर. शेवाळलेल्या सिमेंटवरून तळ्यात.

मी म्हटलं, "मी पुढे जाते."

"कॅप्टन मी आहे," फिंटन म्हणाला.

मग मी सांगून टाकलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर. "त्याला दिसत नाही! ऐकताय का? फिंटनला समोरचं दिसत नाही. कित्येक महिने झाले."

 मग कॉर्मॅक असा हसला की त्याला सायकलचा आधार घ्यावा लागला. "फिंटनला दिसत नाही! अगं, सकाळी धक्क्यापुढचा खड्डा त्याने सांगितला तेव्हा मला तो धक्कासुद्धा दिसला नव्हता!"

"तुला कॅप्टन व्हायचंय तर सरळ सांग ना, अ‍ॅट्रॅक्टा," उना हसता हसता डोळे पुसत म्हणाली. "भावाला आंधळा कशाला करतेस?"

"पळी आहे का हातात?" फिंटन म्हणाला आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. पळीचं कुणाला काही कळलं नाही, तरी सगळे हसले. त्या क्षणी मी त्याचा मनापासून द्वेष केला. तो सायकलवर बसला आणि निघाला. ती बाकीची मेंढरं त्याच्या मागे. मी धडपडत सगळ्यांना ओलांडलं आणि कसंबसं त्याचं चाक धरलं.

पावसाचे थेंब सुरू झाले. फिंटन गप्प होता. त्याला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं आणि मागचे समजत होते, रस्ता साफ आहे. एक खड्डा मी ओरडले, दुसरा मी ओरडले. मागून कॉर्मॅक म्हणाला, "नवीन कॅप्टनचा आवाज चांगलाय!" तिसऱ्या खड्ड्यात फिंटनचं चाक दणकून आपटलं. तो सावरला. मी म्हटलं, "थांब. फिंटन, थांब, मी पाया पडते."

"थांबलो तर सगळे माझ्या पाठीवर येतील," तो म्हणाला. ते खरं होतं. उतार लागला होता आणि ओल्या रस्त्यावर अख्खी रांग एकमेकांना चिकटून सुटली होती. पावसाने घाई केली होती, चहाने घाई केली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "सोड रे ब्रेक!" आणि त्याने सोडला.

मला खाली पाणी दिसायला लागलं. काळं, थेंबांनी फुटलेलं. रस्त्याचं वळण दिसलं, धक्का दिसला, मधे उभा असलेला दगडी खांब दिसला. मी ओरडले, "उजवीकडे! फिंटन, उजवीकडे वळ!"

त्याने मान जराशी वळवली. त्याने ऐकलं, मी शपथेवर सांगते. पण त्याच्या पाठ केलेल्या रस्त्यात तिथे उजवीकडे वळण नव्हतंच. तिथे होतं डावीकडे वळण आणि मग चढ. तो चढ आता उतार झाला होता आणि डावीकडे हिरवी रेघ सरळ जात होती. त्याने माझं ऐकलं नाही, रेघेचं ऐकलं.

माझ्या पुढच्या चाकापासून त्याचं मागचं चाक वीतभर होतं. माझ्या मागे उना, तिच्या मागे कॉर्मॅक, त्याच्या मागे सगळे, माना खाली घालून. माझ्या बोलण्यावर त्यांच्यातल्या एकाचाही विश्वास नव्हता. पण चाकावर होता. मी जाईन तिकडे ते येणार होते. फिंटनच्या मागे गेले असते तर कदाचित त्याचा सदरा धरता आला असता, कदाचित दोघं खांबाला धडकलो असतो, आणि बाकीचे आमच्या अंगावरून पाण्यात. विचार असा मी केलाच नाही. हात वळले. मी उजवीकडे गेले आणि सगळी रांग, एकही शब्द न बोलता, माझ्या मागे उजवीकडे आली.

माझ्या डावीकडून फिंटन एकटा खाली गेला. चाकांचा सिमेंटवर घासल्यासारखा आवाज झाला. मग पाण्याचा.

मी सायकल टाकून धावले. सगळे धावले. शेवाळावर पाय ठरत नव्हते. फिंटन छातीभर पाण्यात उभा होता, आमच्याकडे पाठ करून, तोंड पलीकडच्या काठाकडे. टोपी गेली होती, सायकल गेली होती. वाकून वाकून तो दोन्ही हातांनी पाण्याखाली काहीतरी चाचपत होता. मला वाटलं, सायकल शोधतोय. मग त्याच्या हाका ऐकू आल्या.

"उना! कॉर्मॅक! अरे, ओ द्या कुणीतरी! कुठे आहात?"

तो माणसं शोधत होता. त्याला वाटलं होतं सगळे त्याच्या मागून आत आले.

"फिंटन!" मी ओरडले. "तुझ्या मागे कुणी आलं नाही!"

"खोटं बोलू नकोस! सगळे मागे होते माझ्या!" तो आणखी आत निघाला. मी बुटांसकट पाण्यात शिरले. थंडीने श्वासच अडकला. त्याच्यापाशी पोचून मी त्याचा सदरा मागून धरला तरी त्याचे हात पाण्याखाली फिरतच होते.

"सगळे वर उभे आहेत, फिंटन. सगळे."

"नावं घे."

मी वळून काठाकडे ओरडले, "बोला रे! त्याला दिसत नाही, सांगितलं होतं ना! आता तरी बोला!" आणि त्या पावसात एकेकाने आपापलं नाव सांगितलं. उनाने सांगितलं, तिचा आवाज फाटला होता. कॉर्मॅकला दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्दच फुटला नाही. फिंटन कान देऊन प्रत्येक नाव ऐकत होता. शेवटचं नाव आलं तेव्हा त्याचे हात थांबले.

"आणि तू?" तो म्हणाला. "तू तर माझ्या चाकालाच होतीस."

"मी वळले," मी म्हटलं. "तुला सोडून वळले, फिंटन."

माझे दात वाजत होते आणि मी रडत होते.  पाण्यावर पाऊस पडत होता.

"बरं केलंस," तो म्हणाला. "मी तुझ्या चाकाला असतो तर तुझ्या मागे पाण्यात आलो असतो."

आलाच असता तो. मी त्याला खांद्यांना धरून काठाकडे वळवलं आणि आम्ही दोघं पाण्यातून निघालो.